लॅपटॉपवर होणारा डॉकर बिल्ड पाइपलाइनमध्ये पुन्हा पुन्हा फुटत असेल तर

नोडजेएसचं किंवा जँगोचं ॲप्लिकेशन, आणि त्याची इमेज (ॲप्लिकेशन व त्याला लागणारं सगळं असलेला तयार गठ्ठा) कशी बनवायची ते सांगणारी तीसेक ओळींची डॉकरफाइल. लॅपटॉपवर इमेज विनातक्रार बनते, पाइपलाइनमध्ये (कोड आला की आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेत) किंवा सर्व्हरवर मात्र बिल्ड फुटतो. कुणीतरी पुन्हा रन करतं, नाहीतर --नो-कॅशे (साठवलेलं न वापरता सगळं नव्याने बनवा) लावतं, आणि काम होऊन जातं. थोड्या दिवसांनी तीच एरर परत येते.

--नो-कॅशे लावून पार पडला म्हणजे बिल्ड दुरुस्त झाला असं नाही. त्यातून एवढंच कळतं की कॅशेतला एखादा जुना लेयर (डॉकरफाइलच्या एका ओळीचा साठवलेला निकाल) आणि आजची परिस्थिती यांचा मेळ बसत नव्हता. डॉकरफाइल तीच असून निकाल बदलतो, तेव्हा डॉकरफाइलमध्ये न लिहिलेलं काहीतरी बिल्डमध्ये शिरत असतं. शिरायच्या वाटा मोजक्या आहेत: तुमच्या फोल्डरमधल्या फाइली, बेस इमेज (जिच्यावर तुमची इमेज उभी राहते ती तयार इमेज), त्या क्षणी नेटवरून उतरणारी पॅकेजेस, आणि बिल्ड करणाऱ्या मशीनचा प्रोसेसर व मेमरी. डॉकरफाइलला हात लावण्याआधी यातली वाट कोणती ते ठरवा. ते न ठरवता केलेले बदल बहुतेक वेळा दुखणं झाकतात आणि इमेज फुगवतात.

(कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीसारखीच टाइप करायची.)

आधी पूर्ण लॉग हातात घ्या

डॉकर इंजिन २३.० पासून, म्हणजे २०२३ पासून, लिनक्सवर बिल्डकिट हाच डीफॉल्ट बिल्डर आहे. तो टर्मिनलवर लॉग गुंडाळून दाखवतो, त्यामुळे खरी एरर बऱ्याचदा वर निघून जाते. 'डॉकर बिल्ड --प्रोग्रेस=प्लेन' वापरा आणि आउटपुट फाइलमध्ये घ्या. शेवटची ओळ वाचून काही कळत नाही, कारण ती फक्त 'कमांड यशस्वी झाली नाही, एक्झिट कोड अमुक' एवढंच सांगते. त्या स्टेपच्या सुरुवातीपासून वाचत या आणि पहिली एरर शोधा. एकाच स्टेपमधला लॉग २ एमबीच्या वर गेला तर बिल्डकिट तो कापतो आणि तसं लिहितोही. ती ओळ दिसली तर गरज नसलेला बडबडा आउटपुट आधी बंद करा.

एक्झिट कोडवरून अर्धं काम होतं. १२७ म्हणजे कमांडच सापडली नाही. १२६ म्हणजे फाइल आहे, पण चालवायची परवानगी नाही. १३७ म्हणजे प्रोसेस बाहेरून मारली गेली आणि बहुतेक वेळा मेमरी संपल्यामुळे. नोडच्या बिल्डमध्ये १३४ आला तर नोडची स्वतःची हीप (त्याने स्वतःसाठी ठरवलेली मेमरी) भरली. नुसता १ आला तर लॉग वाचण्याला पर्याय नाही.

फुटणारी ओळ हाताने चालवून बघायची असेल तर ती आणि तिच्याखालच्या सगळ्या ओळी कॉमेंट करा, उरलेली इमेज बनवा आणि 'डॉकर रन --आरएम -आयटी' करून तिच्यात शेल उघडा. तिथे तीच कमांड टाइप केली की फाइल आहे का, परवानगी काय आहे, नेट पोचतंय का हे पाच मिनिटांत दिसतं. मल्टी-स्टेज (एकापेक्षा जास्त टप्प्यांत इमेज बनवणारी) डॉकरफाइल असेल तर --टार्गेट देऊन हव्या त्या स्टेजला थांबता येतं.

फोल्डरमधून शिरणारी घाण

सगळ्यात उपयोगी चाचणी हीच: रेपॉझिटरी एका कोऱ्या फोल्डरमध्ये क्लोन करा आणि तिथून बिल्ड करा. लॅपटॉपवरसुद्धा आता तो फुटला, तर दोष तुमच्या कामाच्या फोल्डरमध्ये असलेल्या पण गिटमध्ये नसलेल्या फाइलींचा आहे. पाइपलाइनची सेटिंग्ज उकरण्याआधी ही चाचणी कराच.

नेहमीचा गुन्हेगार म्हणजे नोड_मॉड्यूल्स, नोडची उतरवलेली पॅकेजेस ठेवणारं फोल्डर. डॉकरफाइलमध्ये आधी 'एनपीएम सीआय' (लॉक फाइलप्रमाणे पॅकेजेस बसवणं) होतं, मग 'कॉपी . .' येतं, आणि लॅपटॉपवरचं नोड_मॉड्यूल्स इमेजमधल्या ताज्या नोड_मॉड्यूल्सवर जाऊन बसतं. मॅकवर कंपाइल झालेलं बीक्रिप्ट किंवा शार्प यांसारखं पॅकेज लिनक्सवर चालत नाही आणि 'इनव्हॅलिड ईएलएफ हेडर' अशी एरर येते. उपाय .डॉकरइग्नोअर, म्हणजे बिल्डमधून काय वगळायचं त्याची यादी. पण ही फाइल .गिटइग्नोअरसारखी वागत नाही. नुसतं 'नोड_मॉड्यूल्स' लिहिलं तर फक्त सगळ्यात वरच्या पातळीवरचं फोल्डर वगळलं जातं. एका रेपॉझिटरीत फ्रंटएंड आणि बॅकएंड अशी उपफोल्डरं असतील तर '**/नोड_मॉड्यूल्स' असंच लिहावं लागतं. शिवाय .गिट, .एन्व्ह, लॉग, टेस्ट कव्हरेज आणि पायथनसाठी '**/__पायकॅशे__' व व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं फोल्डर घाला. .गिट वगळणं फक्त आकारासाठी नसतं. प्रत्येक कमिटला त्यातल्या फाइली बदलतात, म्हणून 'कॉपी . .'चा कॅशे कधीच लागत नाही.

लॉगमध्ये 'ट्रान्स्फरिंग कॉन्टेक्स्ट'ची ओळ पाहा. कॉन्टेक्स्ट म्हणजे बिल्डला पाठवलं जाणारं फोल्डर. साध्या वेब ॲप्लिकेशनचा सोर्स काही एमबींत मावतो. तिथे शेकडो एमबी दिसले तर .डॉकरइग्नोअर चुकलं आहे किंवा ते चुकीच्या जागी आहे. ते कॉन्टेक्स्टच्या मुळाशी लागतं.

उलटा प्रकारही होतो. 'फेल्ड टू कॉम्प्युट कॅशे की', आणि पुढे अमुक फाइल 'नॉट फाउंड'. याचा कॅशेशी फारसा संबंध नसतो. कॉपी करायची फाइल कॉन्टेक्स्टमध्येच नाही. एक तर .डॉकरइग्नोअरने ती गाळली, नाहीतर पाथ चुकला. 'डॉकर बिल्ड -एफ बॅकएंड/डॉकरफाइल .' असं चालवलं तर कॉपीमधले सगळे पाथ त्या शेवटच्या टिंबापासून मोजले जातात, डॉकरफाइलच्या जागेपासून नाही.

आता लहान-मोठ्या अक्षरांचा घोटाळा. मॅकची डिस्क सहसा फाइलनावातला कॅपिटल-स्मॉल फरक मानत नाही, लिनक्स मानतं. कुणी 'हेडर' या फाइलनावाचं पहिलं अक्षर कॅपिटल केलं तरी मॅकवर गिट तो बदल नोंदवत नाही. डिस्कवर नाव नवं, गिटमध्ये जुनं. लॅपटॉपवर डॉकर बिल्ड होतो, कारण कॉपी डिस्कवरून होते. पाइपलाइनमध्ये क्लोन गिटमधून येतं, म्हणून 'मॉड्यूल नॉट फाउंड'. 'गिट एमव्ही' वापरून आधी तात्पुरतं वेगळंच नाव द्या, मग हवं ते द्या आणि कमिट करा.

विंडोजवरून आलेल्या एंट्रीपॉइंट स्क्रिप्टचंही असंच. फाइल समोर दिसते आणि एरर म्हणते 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीच्या शेवटी विंडोजचं सीआरएलएफ चिकटलेलं असतं, त्यामुळे लिनक्स 'एसएच' नावाचा नाही तर शेवटी एक अदृश्य अक्षर असलेला प्रोग्रॅम शोधतं. .गिटॲट्रिब्यूट्समध्ये सगळ्या .एसएच फाइलींसाठी 'ईओएल=एलएफ' घाला आणि फाइली पुन्हा कमिट करा. इमेजमध्ये डॉस-टू-युनिक्स चालवणं हा कामचलाऊ उपाय आहे.

कॅशे नेमका कधी लागतो

कॉपीच्या लेयरसाठी डॉकर फाइलींचा मजकूर आणि परवानग्या तपासतो, बदलाची वेळ बघत नाही. रनच्या लेयरसाठी मात्र तो कमांडचा मजकूर आणि आधीचे लेयर एवढंच बघतो. त्या कमांडने नेटवरून जे आणलं ते आज वेगळं असेल याची त्याला कल्पना नसते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या बऱ्याच एरर इथूनच निघतात.

'ॲप्ट-गेट अपडेट' (उपलब्ध पॅकेजेसची यादी आणणं) एका रनमध्ये आणि 'ॲप्ट-गेट इन्स्टॉल' दुसऱ्या रनमध्ये असेल तर अपडेटचा लेयर महिनाभर कॅशेत पडून राहतो. कुणी इन्स्टॉलच्या ओळीत एक पॅकेज वाढवलं की ती ओळ नव्याने चालते, पण जुन्या यादीवर. यादीतली आवृत्ती एव्हाना मिररवरून (पॅकेजेस ठेवलेल्या सर्व्हरवरून) गेलेली असते आणि ४०४ येतो. --नो-कॅशेने हे हमखास बरं होतं आणि हमखास परत येतं. अपडेट आणि इन्स्टॉल एकाच रनमध्ये '&&' ने जोडा, --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स लावा, आणि त्याच ओळीत /व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स खालचं सगळं पुसा. पुढच्या रनमध्ये पुसलं तर आकार कमी होत नाही, कारण आधीच्या लेयरमध्ये ते राहतंच.

४०४ चा आणखी एक प्रकार आहे आणि तो कितीही वेळा रन केलं तरी जात नाही: 'डझ नॉट हॅव अ रिलीज फाइल'. बेस इमेजमधलं डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) इतकं जुनं झालं की त्याची पॅकेजेस मुख्य मिररवरून अर्काइव्हमध्ये हलवली गेली. डेबियन ९, म्हणजे स्ट्रेचचं, २०२३ मध्ये असंच झालं. सोर्स लिस्ट अर्काइव्हकडे वळवून बिल्ड चालतो, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या तिथे येत नाहीत. बेस बदला. आणि 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' दिसलं तर मशीनचं घड्याळ मागे पडलं आहे. झोपून उठलेल्या लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये हे होतं. वेळ सिंक करा, बाकी कशाला हात लावू नका.

डिपेंडन्सीचा क्रम: आधी फक्त पॅकेज.जेसन आणि पॅकेज-लॉक.जेसन कॉपी करा, मग 'एनपीएम सीआय', त्यानंतरच बाकीचा सोर्स. पायथनमध्ये तसंच रिक्वायरमेंट्स फाइलचं. कोडची एक ओळ बदलल्यावर सगळी पॅकेजेस पुन्हा उतरत असतील तर हा क्रम उलटा आहे. पाइपलाइनमध्ये रनर (बिल्ड चालवणारी मशीन) दर वेळी नवा येत असेल तर क्रम बरोबर असूनही कॅशे मिळत नाही, कारण तो मशीनबरोबर जातो. तिथे कॅशे रजिस्ट्रीत (इमेज साठवायच्या सर्व्हरवर) ठेवा: '--कॅशे-टू' आणि '--कॅशे-फ्रॉम', टाइप रजिस्ट्री, आणि मोड मॅक्स. डीफॉल्ट मोड मिन असतो. तो फक्त शेवटच्या स्टेजचे लेयर साठवतो, म्हणजे मल्टी-स्टेजमधली सगळ्यात वेळखाऊ स्टेज नेमकी बाहेर राहते.

बेस इमेज आणि पॅकेजेस

'नोड:लेटेस्ट' किंवा 'पायथन:३' लिहिलं म्हणजे बेस कधी बदलायचा हे दुसऱ्याच्या हाती दिलं. 'पायथन:३.१२-स्लिम'सुद्धा पुरेसा नेमका नाही, कारण त्यात डेबियनचं नाव नाही. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. ज्या टॅगमध्ये डेबियनची आवृत्ती लिहिलेली नसते, त्याच्या खालचं डेबियन असंच एखाद्या दिवशी बदलतं आणि सिस्टीम पॅकेजची नावं जुळेनाशी होतात. 'पायथन:३.१२-स्लिम-बुकवर्म' असं पूर्ण लिहा (बुकवर्म म्हणजे डेबियन १२). अगदी तोच बेस हवा असेल तर टॅगनंतर शा२५६ डायजेस्ट (त्या इमेजची न बदलणारी ओळख) लावा. मग सुरक्षा अपडेटसाठी तो डायजेस्ट ठरावीक काळाने स्वतः बदलायची जबाबदारीही घ्या.

अल्पाइन या लहान आकाराच्या लिनक्सबद्दल स्पष्टच सांगायला हवं. इमेज लहान दिसते म्हणून पायथनच्या ॲप्लिकेशनला अल्पाइन लावू नका. अल्पाइनमध्ये ग्लिबसी ही नेहमीची सी लायब्ररी नाही, मसल आहे. पायथन पॅकेजेसची मेनीलिनक्स व्हील्स (आधीच कंपाइल केलेली पॅकेजेस) तिथे चालत नाहीत, मसललिनक्स व्हील्स वेगळी लागतात आणि ती सगळ्या पॅकेजेसना नसतात. व्हील नसलं की पिप सोर्समधून कंपाइल करायला बसतो. लॉगमध्ये अचानक जीसीसीच्या एरर दिसू लागतात, किंवा मिनिटाचा बिल्ड पाऊण तासावर जातो. वाचवलेले एमबी कंपायलरच्या पॅकेजेसमध्ये परत जातात. नोडमध्येही नेटिव्ह (कंपाइल करावं लागणारं) मॉड्यूल असेल तर तेच. शुद्ध जावास्क्रिप्ट असेल तर अल्पाइन ठीक.

स्लिम (काटछाट केलेल्या) इमेजवर डेटाबेसच्या ड्रायव्हरची एरर ठरलेली. सायकोपीजी२ साठी 'पीजी_कॉन्फिग नॉट फाउंड' आलं तर बिल्डच्या स्टेजमध्ये जीसीसी आणि लिबपीक्यू-डेव्ह हवेत. मायएसक्यूएलक्लायंट २.२ पासून पीकेजी-कॉन्फिगही मागतं, डीफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्हच्या जोडीला. शेवटच्या स्टेजमध्ये कंपायलर नको, पण चालवायची लायब्ररी हवीच. लिबपीक्यू५ विसरलात तर बिल्ड हिरवा होतो आणि कंटेनर (चालू केलेली इमेज) सुरू होताच 'लिबपीक्यू.एसओ.५' सापडत नाही म्हणून पडतो.

'एनपीएम सीआय'ने लॉक फाइल जुळत नाही म्हटलं, तर 'एनपीएम इन्स्टॉल' करून वेळ मारून नेऊ नका. तो जुळत नसलेलीच पॅकेजेस गुपचूप घेतो. एक फसवा प्रकार मात्र लक्षात ठेवा: मॅकवर बनलेल्या लॉक फाइलमध्ये कधीकधी लिनक्सची ऐच्छिक पॅकेजेस येतच नाहीत आणि पाइपलाइन 'रोलअप-लिनक्स-एक्स६४-जीएनयू सापडत नाही' म्हणून थांबते. हा एनपीएमचा माहीत असलेला दोष आहे. नोड_मॉड्यूल्स आणि लॉक फाइल दोन्ही काढून लॉक नव्याने बनवा. फक्त एक काढून भागत नाही. नंतर लॉकमधला फरक वाचून बघा, कारण या निमित्ताने इतर आवृत्त्याही सरकतात.

प्रोसेसर आणि मेमरी

इमेज बनली, सर्व्हरवर टाकली आणि 'एक्झेक फॉरमॅट एरर'. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकवर बनलेली इमेज एआरएम६४ प्रकारच्या प्रोसेसरसाठी असते, सर्व्हरचा प्रोसेसर बहुधा एएमडी६४. 'डॉकर इमेज इन्स्पेक्ट'मध्ये आर्किटेक्चर बघून खात्री करा. '--प्लॅटफॉर्म=लिनक्स/एएमडी६४' लावून मॅकवरच बनवता येते, पण क्यूईएमयू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) वापरला जात असेल तर बिल्ड खूप मंदावतो आणि काही वेळा मधूनच 'इलीगल इन्स्ट्रक्शन' देऊन पडतो. रोजच्या कामासाठी एएमडी६४ च्या रनरवरच बिल्ड करावा.

१३७ आला तर होस्टवर, म्हणजे डॉकर चालवणाऱ्या मशीनवर, 'डीमेसेज'मध्ये 'किल्ड प्रोसेस' शोधा. १ जीबी मेमरीच्या सर्व्हरवर नेक्स्ट या वेब फ्रेमवर्कचा बिल्ड मारला जाणं स्वाभाविक आहे. इथे एक चूक सर्रास होते. १३४ आला म्हणून नोडची 'मॅक्स-ओल्ड-स्पेस-साइझ' ४०९६ केली जाते, मशीनवर तेवढी मेमरीच नसते, आणि १३४ चा १३७ होतो. मर्यादा मशीनच्या मोकळ्या मेमरीपेक्षा कमीच ठेवा. २ जीबीची स्वॅप फाइल (डिस्कचा मेमरीसारखा वापर) लावून निभावतं, पण बिल्ड हळू होतो आणि त्याच मशीनवरची चालती साइटही रखडते. प्रॉडक्शन सर्व्हरवर बिल्ड करायचाच नाही, हा खरा उपाय. इमेज दुसरीकडे बनवून रजिस्ट्रीतून ओढा.

नेटवर्क

होस्टवर नेट आहे आणि बिल्डमध्ये 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्युशन' येतंय, तर दोष डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा). होस्टच्या यादीत फक्त लोकलहोस्टचा पत्ता असेल तर डॉकर तो टाकून ८.८.८.८ वापरतो आणि बऱ्याच ऑफिसांच्या फायरवॉलला ते चालत नाही. /इटीसी/डॉकर/डीमन.जेसनमध्ये ऑफिसचा डीएनएस लिहा आणि डॉकर रीस्टार्ट करा.

छोट्या विनंत्या पार पडतात, पण पॅकेज उतरताना मध्येच सगळं गोठतं आणि हे फक्त व्हीपीएनवर होतं, तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. व्हीपीएनचा १४०० च्या आसपास असतो, डॉकरच्या ब्रिजचा १५००. डीमन.जेसनमध्येच 'एमटीयू' व्हीपीएनएवढा करा. 'सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट इन चेन' म्हणजे ऑफिसचा प्रॉक्सी टीएलएसने बंद केलेलं ट्रॅफिक उघडून बघतो. एसएसएल तपासणी बंद करू नका. ऑफिसचं रूट सर्टिफिकेट /यूएसआर/लोकल/शेअर/सीए-सर्टिफिकेट्समध्ये टाकून 'अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स' चालवा, आणि नोडला ते 'नोड_एक्स्ट्रा_सीए_सर्ट्स'मधून वेगळं दाखवा. नोड सहसा सिस्टीमची यादी बघत नाही.

'टू मेनी रिक्वेस्ट्स' असेल तर डॉकर हबची (इमेज उतरवायच्या सार्वजनिक रजिस्ट्रीची) मर्यादा. नोव्हेंबर २०२० पासून ती आहे आणि लॉगिन नसेल तर आयपीवर मोजली जाते. एका ऑफिसचे सगळे एकाच आयपीने बाहेर पडतात, म्हणून ही एरर अधूनमधूनच दिसते. पाइपलाइनमध्ये 'डॉकर लॉगिन' करा, किंवा बेस इमेजेस स्वतःच्या रजिस्ट्रीत ठेवा.

बिल्डच्या वेळी डेटाबेस नसतो

'गेटॲड्रइन्फो ईनॉटफाउंड डीबी' ही एरर याचीच. डॉकर कंपोजने एकत्र चालवलेल्या कंटेनरांमधली 'डीबी' ही सर्व्हिस कंटेनर चालताना दिसते, बिल्ड होताना ते नेटवर्कच नसतं. नेक्स्टची पानं बिल्डमध्येच तयार होत असतील आणि त्यांना डेटाबेस लागत असेल, तर ती पानं विनंतीच्या वेळी बनतील असं कोडमध्ये ठरवा. मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणं) डॉकरफाइलमध्ये कधीच नको. ते डिप्लॉयच्या वेळी, नवी इमेज सुरू करण्याआधी एकदाच चालवायचं. जँगोचं 'कलेक्टस्टॅटिक' सेटिंग्ज वाचतं, म्हणून सीक्रेट की मागतं. त्या एका रन ओळीपुरती खोटी किंमत द्या, इमेजमध्ये कायम राहणाऱ्या एन्व्ह ओळीत नको. रेल्स ७.१ पासून त्यासाठी 'सीक्रेट_की_बेस_डमी=१' आहे.

'नेक्स्ट_पब्लिक_'ने सुरू होणारे व्हेरिएबल बिल्डमध्येच जावास्क्रिप्टमध्ये लिहिले जातात. कंटेनर सुरू करताना दिलेली किंमत ब्राउझरपर्यंत पोचत नाही. ती किंमत बिल्डच्या वेळी आर्गने देत असाल तर तो आर्ग ज्या स्टेजमध्ये वापरायचा तिथे पुन्हा जाहीर करावा लागतो. पहिल्या फ्रॉम ओळीच्या वरचा आर्ग खाली आपोआप मिळत नाही आणि किंमत रिकामी राहते, एररही येत नाही. खासगी एनपीएम रजिस्ट्रीचं टोकन आर्गने देऊ नका, 'डॉकर हिस्ट्री'त ते वाचता येतं. '--माउंट=टाइप=सीक्रेट' त्यासाठीच आहे.

मराठी साइटवाल्यांना एक एरर न देणारी अडचण येते. पावत्या किंवा प्रमाणपत्रं पीडीएफमध्ये काढणारं ॲप्लिकेशन लॅपटॉपवर नीट चालतं आणि कंटेनरमध्ये मराठीच्या जागी चौकोन येतात. स्लिम इमेजमध्ये देवनागरी फॉन्टच नसतो. शेवटच्या स्टेजमध्ये 'फॉन्ट्स-नोटो-कोअर' किंवा 'फॉन्ट्स-लोहित-देवा' बसवा आणि 'एफसी-लिस्ट :लँग=एमआर'ने खात्री करा. उबंटूच्या बेसवर 'टीझेडडेटा' बसवताना बिल्ड अडकून राहत असेल, तर ते टाइमझोन विचारत थांबलेलं असतं. त्या रनमध्ये 'डेबियन_फ्रंटएंड=नॉनइंटरॲक्टिव्ह' लावा आणि 'टीझेड'ला आशिया/कोलकाता द्या.

'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' आला तर आधी 'डॉकर सिस्टीम डीएफ' बघा, मग 'डीएफ -आय'. जागा शिल्लक असून आयनोड (फाइलींची नोंद ठेवायच्या जागा) संपलेले असू शकतात, नोड_मॉड्यूल्समुळे हे होतं. साफसफाईसाठी 'डॉकर बिल्डर प्रून' आणि 'डॉकर इमेज प्रून' पुरेसे आहेत. सर्व्हरवर घाईत --व्हॉल्यूम्स असलेली कमांड चालवू नका, डेटाबेसचा डेटा व्हॉल्यूममध्येच असतो.